स्वतःच छापलेले जुने कॉमिक त्याच प्रकाशकाला पुन्हा का छापता येत नाही?

‘रोम’ ही कॉमिक मालिका अमेरिकेतल्या मार्व्हलनेच वर्षानुवर्षे छापली असताना तिचे पुस्तक निघायला इतकी दशके का लागावीत, आणि आपल्याकडच्या मराठी इंद्रजाल कॉमिक्सचेही दुखणे तेच आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी वकील नाही. जुनी कॉमिक्स जमवतो, आणि जे नव्याने छापले जात नाही त्यासाठी रद्दीची दुकाने पालथी घालणाऱ्याला हक्कांची भानगड आपोआपच थोडीफार कळू लागते.

‘रोम’ हे मुळात एक खेळणे होते. पार्कर ब्रदर्स या कंपनीने १९७९ मध्ये ते बाजारात आणले आणि त्याचे कॉमिक काढण्याचा परवाना मार्व्हलला दिला. खेळणे फारसे चालले नाही. कॉमिकचे मात्र १९८६ पर्यंत ७५ अंक निघाले, कारण लेखक बिल मँटलो आणि चित्रकार सॅल बुसेमा यांनी त्या पत्र्याच्या पुतळ्याला घरदार दिले, गॅलडोर नावाचा ग्रह दिला आणि त्याच्यासारखेच चिलखतधारी साथीदार दिले. परवाना संपल्यावर या संसाराची वाटणी झाली. गॅलडोर आणि साथीदार मार्व्हलकडे राहिले. रोमचे नाव आणि रूप खेळण्याच्या कंपनीकडे गेले, आणि ती कंपनी पुढे हॅस्ब्रो या दुसऱ्या खेळणी कंपनीच्या ताब्यात गेल्यावर तेही हॅस्ब्रोचे झाले.

यातून दोघांनाही नव्या गोष्टी काढता येत होत्या. मार्व्हलने २००० मध्ये रोमचे नाव टाळून त्याच्या साथीदारांची मालिका काढली, तर हॅस्ब्रोच्या परवान्यावर आयडीडब्ल्यू या दुसऱ्याच प्रकाशकाने २०१६ मध्ये नवा रोम आणला. जुने ७५ अंक मात्र दोघांपैकी एकट्याला छापता येत नव्हते, कारण पाने एकाची होती आणि त्यांवरचा नायक दुसऱ्याचा. शिवाय त्यांत मध्येच एक्स-मेनसारखी मार्व्हलची इतर मंडळी येऊन जातात. अखेर दोन्ही कंपन्यांचे जमले आणि जाडजूड संग्रहाचा पहिला खंड २०२४ मध्ये आला. सर्वांत जास्त श्रम ज्यांचे, त्या लेखक-चित्रकारांच्या होकार-नकाराला या सगळ्यात काही किंमत नव्हती, हे मला अजूनही खटकते.

पैसे देऊन प्रश्न लगेच का मिटत नाही, असे कोणी विचारेल. एक तर सत्तरच्या दशकात कॉमिक म्हणजे वर्तमानपत्राच्या स्टॉलवरून घ्यायचे, वाचायचे आणि टाकून द्यायचे, त्यामुळे बांधीव संग्रहाचा विचार त्या काळच्या परवान्यांच्या करारांत सहसा नसे. दुसरे म्हणजे, पात्राच्या मालकाने नवा परवाना तिसऱ्याला देऊन ठेवला असेल, तर जुन्या प्रकाशकाला त्याची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. आणि अडवणूक करायला नायकच परका असावा लागतो असेही नाही. १९७३ मध्ये आलेला शांग-ची हा मार्व्हलचा स्वतःचा नायक, पण त्याचा बाप म्हणून सॅक्स रोमर यांच्या कादंबऱ्यांतला खलनायक फू मांचू उसना घेतलेला होता. तो परवाना सुटल्यावर एका बापापायी सारी मालिका अडकली आणि तिचे संग्रह २०१६ पासून निघू लागले.

आता इंद्रजालकडे येतो. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये हे प्रकाशन सुरू केले आणि १९९० मध्ये थांबवले. त्यातले नायक वेताळ आणि मँड्रेक हे किंग फीचर्स या अमेरिकी कंपनीचे, म्हणजे परवान्यावर आणलेले; ‘बहादूर’ मात्र आबिद सुरती यांनी इथेच निर्माण केलेला. त्यामुळे एकाच नावाच्या अंकांचे हक्क आतल्या गोष्टीप्रमाणे बदलतात. उद्या एखाद्या मराठी प्रकाशकाने किंग फीचर्सकडून वेताळाचा परवाना मिळवला, तरी त्याला मिळते ती मूळ चित्रमालिका. ज्या मराठी संवादांवर आपली पिढी वाढली त्यांचा कॉपीराइट कायद्याने वेगळा असतो आणि इथल्या चित्रकारांनी रंगवलेल्या मुखपृष्ठांचाही वेगळा. भारतीय कायद्यानुसार नियतकालिकाच्या नोकरीत केलेल्या कामावर, वेगळा करार नसेल तर, मालकाचा हक्क त्या प्रकारच्या प्रकाशनापुरता असतो आणि बाकीच्या वापराचा हक्क लेखकाकडे राहतो. नोकरीत नसलेल्या अनुवादकाने हक्क लिहून दिले नसतील, तर त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसांकडेच जावे लागते. तो कोण होता, आणि पन्नास वर्षांपूर्वी त्याच्याशी काय ठरले होते, याचे कागद शोधणे हे अमेरिकेतल्या कंपनीकडून परवाना मिळवण्याहून कठीण काम ठरू शकते.