‘चमत्कारिक तारण’ की ‘अद्भुत सुटका’?

प्रश्न असा आला आहे : एका बायबल अभ्यासवर्गासाठी ‘आद्य मंडळीचा (म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या समूहाचा) छळ व चमत्कारिक तारण’ असं शीर्षक ठरलंय. अभ्यासाला नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या लूकच्या पुस्तकातला 12वा अध्याय आहे. हे शीर्षक बरोबर आहे का? आणि ‘छळ’ म्हटलं की सासुरवास आठवतो, तेव्हा तो शब्द इथे तोकडा पडत नाही का?

‘चमत्कारिक’ आधी काढून टाका. मराठीत चमत्कार तो चमत्कार, पण चमत्कारिक म्हणजे विचित्र, तऱ्हेवाईक. चमत्कारिक माणूस, चमत्कारिक वास असंच आपण म्हणतो. हिंदीत हे विशेषण चमत्काराशी इमान राखून आहे, मराठीत नाही. ‘अद्भुत’ म्हणा, नाहीतर सरळ ‘चमत्काराने झालेली’.

‘छळ’ मात्र ठेवा. संस्कृतात छल म्हणजे कपट, आणि तो अर्थ आपल्याकडे ‘छळकपट’ या जोडशब्दात अजून टिकून आहे. पण मराठीने त्याला वेगळी धार दिली : एखाद्याच्या मागे लागून, पुन्हा पुन्हा, त्याला जगू न देणं. ‘अत्याचार’ एका दिवसातही होऊ शकतो, छळाला चिकाटी लागते. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘दिओग्मोस’ पाठलाग करणं या अर्थाच्या धातूपासून आला आहे. दमास्कसच्या वाटेवर ‘शौला, शौला, माझा छळ का करतोस?’ असं ऐकू येतं तिथे हाच धातू आहे, आणि शौल (पुढचा प्रेषित पौल) तेव्हा खरोखरच ख्रिस्ती माणसांच्या मागावर निघालेला होता. पुढे 303 साली रोमन सम्राट डायोक्लेशनने प्रार्थनामंदिरं पाडण्याचे आणि धर्मग्रंथ जाळण्याचे हुकूम काढले, त्यालाही ‘छळ’ पुरतो. फार तर ‘राजाज्ञेने झालेला’ असं मागे जोडा.

आता ‘तारण’. माझा खरा आक्षेप इथे आहे.

12व्या अध्यायाची सुरुवात सुटकेने होत नाही. हेरोद राजा (इतिहासातला पहिला अग्रिप्पा) योहानाचा भाऊ, प्रेषित याकोब याला तलवारीने मारतो. मुळात हे एकच छोटं वाक्य आहे, त्यावर ना विलाप, ना खुलासा. लोकांना ते रुचलं हे पाहून तो प्रेषित पेत्रालाही धरतो. दिवस बेखमीर भाकरीच्या सणाचे, म्हणून वल्हांडण झाल्यावर त्याला लोकांपुढे काढायचा बेत. तोवर चार-चार शिपायांच्या चार तुकड्या पहाऱ्यावर. आदल्या रात्री पेत्र दोन शिपायांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी जखडलेला, आणि चक्क झोपलेला आहे. देवदूत त्याच्या कुशीवर मारून त्याला उठवतो. साखळ्या गळून पडतात. कंबर बांध, वहाणा घाल, अंगावर वस्त्र घे, असं एकेक सांगावं लागतं. शहराकडचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. (ग्रीकमध्ये इथे ‘आउतोमाते’ आहे, आपल्या ‘ऑटोमॅटिक’चं मूळ. मराठी ‘आपोआप’ तिथे अगदी चपखल बसतो.) मग मार्कची आई मरीया हिच्या घरी रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते. तुला वेड लागलंय, असं घरातले तिला म्हणतात. बाहेर पेत्र ठोठावतोच आहे.

भानावर आल्यावर पेत्र काय म्हणतो? प्रभूने मला हेरोदाच्या हातातून सोडवलं. हे क्रियापद, ‘हातातून’सकट, निर्गमाच्या (इस्राएली लोक मिसरच्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट सांगणाऱ्या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या) ग्रीक भाषांतरात 18व्या अध्यायात मोशेच्या तोंडी आहे : फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, हातातून सोडवलं. मिसर सोडायच्या रात्रीही इस्राएली लोकांना कंबर बांधून, पायांत वहाणा घालून जेवायला सांगितलं होतं. ‘वल्हांडण’ म्हणजेच ओलांडून जाणं. सणाच्या दिवसांत घडलेली ही गोष्ट लूक त्याच जुन्या शब्दांत सांगतो आहे, आणि ते शब्द सोडवणुकीचे आहेत.

मराठी ख्रिस्ती वापरात ‘तारण’ला पक्का अर्थ आहे : पापापासून, कायमचं. पेत्र तुरुंगातून बाहेर पडला याला तारण म्हटलं, तर याकोबाचं काय झालं? त्याचं तारण झालं नाही असं म्हणायचं? अभ्यासवर्गात कुणी ना कुणी हा प्रश्न विचारणारच, आणि शीर्षकच चुकीचं असेल तर उत्तर देणाऱ्याची पंचाईत होईल. ‘सुटका’ म्हटलं की वाट मोकळी होते : एकाची सुटका झाली, दुसऱ्याची झाली नाही, तारण दोघांचंही. इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायात विश्वासाने तलवारीच्या धारेतून निसटलेले आणि विश्वासानेच तलवारीने मारले गेलेले एकाच यादीत येतात. दुसऱ्या शतकात स्मुर्णा इथे तिथला वृद्ध बिशप पॉलिकार्प याला जाळायला घेतलं, तेव्हा ज्वाळा वाऱ्याने फुगलेल्या शिडासारख्या त्याच्याभोवती कमान करून राहिल्या, असं त्याच्या मंडळीने लिहून ठेवलंय. शेवटी त्याला भोसकून मारलं. म्हणजे चमत्कार आहे, आणि सुटका नाही.

‘सुटका’ की ‘सोडवणूक’ असाही कीस काढता येईल. सुटका मुदत संपूनही होते, सोडवणुकीला सोडवणारा लागतो. म्हणून वाक्यात ‘सोडवलं’ वापरा, शीर्षकात ‘सुटका’ कानाला बरी : ‘आद्य मंडळीचा छळ आणि अद्भुत सुटका’.

एक अडचण सांगायला हवी. ग्रीकमध्ये ‘सोझो’ हे एकच क्रियापद जीव वाचणं आणि तारण होणं या दोन्हींसाठी येतं. कृत्यांच्या 27व्या अध्यायात गलबत फुटायच्या बेतात असताना पौल लोकांना जेवून घ्यायला सांगतो. हे तुमच्या बचावासाठी आहे असं तो म्हणतो, तेव्हा त्याच क्रियापदापासूनचं नाम येतं, आणि तिथे ‘तारण’ लिहिलं तर वाचक गोंधळेल. उलट 16व्या अध्यायात फिलिप्पै शहरातल्या तुरुंगात भूकंपाने दारं उघडल्यावर तुरुंगाचा अधिकारी विचारतो, माझं तारण व्हावं म्हणून काय करू? तिथे कैदी पळालेले नाहीत, त्यामुळे ‘सुटका’ चालणार नाही. प्रत्येक ठिकाणी संदर्भ पाहूनच शब्द घ्यावा लागतो. तीमथ्याला दुसरं पत्र, अध्याय 4, ओव्या 17 आणि 18 पाहा. पौल म्हणतो, मला सिंहाच्या जबड्यातून सोडवण्यात आलं, प्रभू मला प्रत्येक दुष्ट कृत्यापासून सोडवील, आणि आपल्या स्वर्गीय राज्यासाठी मला तारील. पहिली दोन क्रियापदं एकाच धातूची, तिसरं ‘सोझो’. आणि हे लिहिताना, आपल्या जाण्याची वेळ आली आहे, हे त्याने त्याच अध्यायात आधी सांगून टाकलेलं आहे.