पॅक-मॅनचा चौकोनी अवतार: स्टोअरचा नकार आणि ‘मेलो कसा तेच कळलं नाही’

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. डच अमूर्त चित्रकार मोंद्रियानच्या धर्तीवर पांढरी जमीन, काळ्या रेषा आणि लाल-निळा-पिवळा एवढेच रंग घेऊन तुम्ही पॅक-मॅन, म्हणजे चक्रव्यूहात ठिपके खात चार भुतांपासून पळायचा तो जुना व्हिडिओ गेम, नव्याने केलात. मित्रांनी चित्राचं कौतुक केलं, पण ‘मेलो कसा तेच कळलं नाही’ म्हणत दोन मिनिटांत फोन परत दिला. आणि अ‍ॅप स्टोअरने ‘दुसऱ्याच्या उत्पादनाची नक्कल’ एवढंच लिहून गेम नाकारला. हे दोन्ही माझ्या वाट्याला आलंय. इंजिन, इनपुट, सेव्ह वगैरे तुम्हाला येतंय हे दिसतंच आहे, त्यामुळे त्यात जात नाही.

आधी स्टोअरचं, कारण मला सगळ्यात महाग तेच पडलं. कोणतं स्टोअर ते लिहीत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गेम यावा म्हणून मी तो गणपतीच्या आधीच दाखल केला होता. उत्तर आलं ते तुमच्यासारखंच, एका वाक्याचं. मी विचारलं, नक्कल नेमकी कशात दिसली? चक्रव्यूहात, रंगांत, नावात, आयकॉनमध्ये? उत्तरात तोच परिच्छेद, फक्त खालचं नाव वेगळं. चक्रव्यूह बदलून पाठवला, तोच परिच्छेद. रंग बदलले, तोच परिच्छेद. अपील केलं तर त्याचंही उत्तर शब्दशः तेच. दिवाळी गेली, नाताळ गेला. तपासणाऱ्याने गेम उघडून पाहिला होता की नाही, हेसुद्धा मला शेवटपर्यंत कळलं नाही. नियम कडक असायला माझी ना नाही. पण अमुक गोष्ट काढा, असं बोट ठेवून दाखवायला काय हरकत आहे? एकट्याने गेम करणाऱ्या माणसाचे महिने त्या एका वाक्यावाचून जातात, आणि याचं तिथे कुणालाही सोयरसुतक नसतं. अजूनही आठवलं की संताप होतो.

गेम शेवटी पास झाला, पण त्याआधी मी वर्णनातून आणि कीवर्डमधून ‘पॅक-मॅन’ हे नाव काढलं होतं आणि पहिला स्क्रीनशॉट बदलला होता. जुन्या स्क्रीनशॉटमध्ये तोंड उघडलेलं पिवळं वर्तुळ होतं. यातल्या कशामुळे काम झालं ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही, तेव्हा हा रामबाण उपाय समजू नका. पण तुमच्या वर्णनाची पहिलीच ओळ ‘पॅक-मॅन, पण अमूर्त’ अशी आहे. ती आजच काढा. नाव हा ट्रेडमार्कचा मामला आहे, तुमची कला कितीही वेगळी असली तरी तो सुटत नाही.

मी वकील नाही, पैसे गुंतणार असतील तर वकिलाला विचारा. पण ढोबळ चौकट माहीत असलेली बरी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात म्हटलं की कॉपीराइट कल्पनेवर किंवा विषयावर नसतो, ती ज्या रीतीने मांडली त्यावर असतो. खेळांच्या बाबतीत मला सगळ्यात उद्बोधक वाटतो तो अमेरिकेतला १९८२ चा निकाल. ओडिसी-२ या कन्सोलवर ‘के. सी. मंचकिन’ नावाचा खेळ होता, त्यावर पॅक-मॅनच्या घरगुती आवृत्तीचे हक्क असलेल्या अटारी कंपनीने दावा लावला. अपील न्यायालयाने चक्रव्यूह, गुणफलक, एका बाजूने बाहेर पडून दुसऱ्या बाजूने आत यायचा बोगदा ही खेळांची नेहमीची साधनं मानली. गोत्यात आणलं ते पात्रांनी: गट्टम करणारं तोंड आणि मागे लागणारी भुतं. मंचकिनचा रंग वेगळा होता, डोक्यावर शिंगं होती, तरी सुटका झाली नाही. उलट २०१२ च्या टेट्रिसच्या खटल्यात तुकड्यांचे आकार आणि पटाची मापंसुद्धा संरक्षित धरली गेली. म्हणून मूळचा चक्रव्यूह जसाच्या तसा गिरवू नका, हेही सांगते.

साधेपणाच्या शैलीत इथेच फसगत होते. मूळ पात्राची सजावट काढत गेलात की शेवटी उरते बाह्यरेषा, आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त ओळखीची असते. पाचर कापलेलं पिवळं वर्तुळ कितीही स्वच्छ काढा, जग त्याला पॅक-मॅनच म्हणणार. माझं ठाम मत आहे, चित्र सोपं करू नका. चित्र बाजूला ठेवा आणि पॅक-मॅनचे रचनाकार तोरू इवातानी यांच्या चमूने १९८० साली त्या भुतांना जे वागणं दिलं, ते आकारांत आणा. तुमच्या दुसऱ्या अडचणीचं उत्तरही यातच आहे.

तुमचे मित्र न कळता मरतात याचं कारण मला तुमच्या स्क्रीनशॉटमध्येच दिसलं. मूळ खेळाचा पडदा २२४ बाय २८८ पिक्सेलचा, ८ पिक्सेलच्या घरांत विभागलेला: २८ रकाने, ३६ ओळी. टक्कर ठरते ती दोघं एकाच घरात आली की, चित्रं एकमेकांना टेकली की नाही हे यंत्र बघतच नाही. तिथे हे खपून जातं, कारण पात्रांची चित्रं १६ पिक्सेलच्या चौकटीतली, म्हणजे घराच्या जवळपास दुप्पट. घर एक झालं तोवर चित्रं एकमेकांत घुसलेली असतात. तुम्ही मोकळी जागा दिसावी म्हणून चौकोन घरापेक्षाही लहान काढलेत आणि टक्करीचा हिशोब घराचाच ठेवलात. मग दोन चौकोनांत डोळ्यांना फट दिसते आणि खेळाडू मेलेला असतो. स्वच्छ कडांच्या चित्रात ही फट फार उघडी पडते. एकतर आकार मोठे करा, नाहीतर टक्कर आकारांच्या कडांवरून मोजा. मी आकार मोठे केले, कारण घरांचा हिशोब मोडला की भुतांच्या वळण्याची लय बिघडते.

दुसरं, डोळे. मूळ भूत कुठे वळायचं ते एक घर आधीच ठरवतं आणि वळण्याआधी त्याचे डोळे तिकडे वळतात. मुरलेले खेळाडू हेच वाचतात. तुम्ही डोळे काढलेत, ती खबरही गेली. मी चौकोनाची ज्या बाजूला वळायचं ती कड वळणाच्या एक घर आधी जाड पांढरी होऊ दिली. बाकी काही नाही, एक कड. पण तेवढ्याने चौरस्त्यावर थांबू की निसटू, हा निर्णय पुन्हा खेळाडूच्या हातात आला.

आता चार भुतं. तुम्ही चौघांना चौकोनच दिलेत, तीन रंगांत चौथं बसेना म्हणून एक करडं केलंत. पांढऱ्यावर पिवळा चौकोन दिसत नाही आणि ज्यांना लाल-हिरव्याचा फरक कळत नाही ते तर नुसत्या रंगांवर विसंबू शकत नाहीत. आकार वागण्यावरून ठरवा. लाल भूत सरळ तुमच्या घरावर येतं: ठोस चौकोन. गुलाबी तुमच्या चार घरं पुढची जागा धरतं: पुढे निमुळती होत जाणारी लांब पट्टी. आकाशी भूत आपलं लक्ष्य काढताना लालची जागाही विचारात घेतं: एकाऐवजी दोन लहान तुकडे, जोडीने चालणारे. नारिंगी आठ घरांच्या बाहेर असेल तर पाठलाग करतं, जवळ आलं की आपल्या डावीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे निघतं. माझ्या गेममध्ये ते त्या क्षणी तिरकं होतं, ४५ अंशांत. माझ्या भाचीने हे कुणी न सांगता ओळखलं आणि मुद्दाम त्याच्या अंगावर जाऊन त्याला तिरकं करत बसली. अमूर्त शैलीचं बळ मला इथे दिसतं. मूळ खेळात वर्षानुवर्षं खेळूनही जे लोकांना नीट कळत नव्हतं, ते तुम्ही डोळ्यांना दाखवू शकता.

मोठा ठिपका खाल्ल्यावर भुतं घाबरतात, तेव्हा त्यांना मूळ खेळासारखा निळा रंग द्यायची गरज नाही, भरीव आकार पोकळ करा. वेळ संपत आली की पोकळ-भरीव लुकलुकू द्या.

जमिनीबद्दल थोडं वेगळं मत आहे, पटलं तर घ्या. काळ्या जाड रेषांच्या भिंती चित्र म्हणून छान दिसतात, पण खेळताना नजर वाटेवर असते, भिंतीवर नाही. तुमच्या पडद्यावर सगळ्यात ठळक गोष्ट नेमकी तीच आहे जिच्याकडे बघायचं नाही. मोंद्रियानचंच १९४२-४३ चं ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ बघा. त्यात काळ्या रेषा नाहीतच. पिवळ्या पट्ट्याच रस्ते झाल्यात आणि त्यांच्यावर लाल, निळे, करडे छोटे चौकोन ठिपक्यांसारखे बसलेत. वाट रंगवा, भिंत ही उरलेली जागा असू द्या. ठिपके काढून टाकून नुसती वाट फिकट होत जाण्याचा मोह होईल, मलाही झाला होता. तसं केलंत तरी ठिपक्यांचा हिशोब आत ठेवा. मूळ खेळात प्रत्येक ठिपक्याला पॅक-मॅन एक फ्रेम, म्हणजे निमिषभर, थबकतो, म्हणून खाताना भूत जवळ येतं आणि रिकाम्या वाटेवर मागे पडतं. ती ओढाताण गेली तर खेळ मिळमिळीत होतो.

जाता जाता: गुण देवनागरी आकड्यांत दाखवणार असाल तर प्रत्येक आकड्याला सारखीच रुंदी द्या, नाहीतर गुण वाढताना ती ओळ सारखी थरथरते आणि इतक्या शांत पडद्यावर तेवढंच खुपतं. आणि गोडो हे गेम इंजिन वापरत असाल तर चौथ्या आवृत्तीवर या, तिसरीत जोडाक्षरं फुटतात.

आकार मोठे केल्यावरचा आणि चौरस्त्यावरचा असे दोन स्क्रीनशॉट टाका, बघून सांगते. स्टोअरला नवं काही पाठवायच्या आधी वर्णनही इथे टाकलंत तर बरं होईल.