रबाळे की नेरूळ?

ऐरोली, रविवार

प्रिय मित्रा,

तुझा व्हिडिओ तीनदा पाहिला. सहा रोबोंना एका जागी भेटायचंय; ते सगळ्यांच्या जागांच्या सरासरी बिंदूकडे निघालेत आणि तो बिंदूच सरकत राहतोय. कोड बरोबर आहे. त्याआधीचा एक प्रश्न मात्र राहून गेला: तुला नेमकं काय वाचवायचंय?

समज, नवी मुंबईच्या लोकल मार्गावर मी ऐरोलीला, तू रबाळ्याला आणि तिसरा पनवेलला. तिघांचा मिळून प्रवास कमीत कमी हवा, तर मधल्या रबाळ्यालाच भेटायचं. तिसरा पनवेलऐवजी वाशीला असता तरी उत्तर तेच. पण सगळ्यात उशिरा येणारा लवकर पोचायला हवा असेल, तर नेरूळ: ऐरोली ते पनवेल १३ स्टेशनांतलं सातवं. रेषेऐवजी मोकळ्या जमिनीवर पहिल्या प्रकारच्या बिंदूला भौमितिक मध्यक म्हणतात. दुसरं म्हणजे सगळ्यांना सामावणाऱ्या लहानात लहान वर्तुळाचं केंद्र. बॅटरी जपायची तर पहिलं, वेळ जपायचा तर दुसरं. तुझी सरासरी अंतरांच्या वर्गांची बेरीज कमी करते, आणि ती कुणी मागितलीच नव्हती.

मी मध्यक घेईन. तुझ्या रोबोंना वायफायवरचा निरोप मागेपुढे मिळतो. दोघं आधी निघाले की सरासरी हलते, वर्तुळाचं केंद्रही हलू शकतं. मध्यकाकडे मात्र सरळ रेषेत कुणी कितीही सरकलं तरी मध्यक जागचा हलत नाही. मला हा गुण फार मोलाचा वाटतो. पाच किंवा जास्त बिंदूंसाठी त्याचं सर्वसाधारण सूत्र वर्गमूळ, घनमूळ अशा मुळांच्या भाषेत मांडताच येत नाही, पण वाइसफेल्ड या गणितज्ञाची १९३७ची पद्धत पुरते: जवळच्याला जास्त वजन देऊन पुन्हा पुन्हा सरासरी काढायची.

दोनच रोबो उरले तर जपून. दोघंही 'मध्यावर जा' पाळतात, पण एका वेळी एकच हलला तर अंतर निम्मं होत राहतं, संपत नाही. 'दुसऱ्याच्या जागी जा' म्हटलं आणि दोघं एकदम निघाले, तर फक्त जागा बदलतात. स्मृती, ओळख आणि सामाईक दिशा नसलेल्या अशा जोडीला हमखास भेटवणारा नियमच नाही, हे सुझुकी आणि यामाशिता या संशोधकांनी १९९९ साली सिद्ध केलं. तुझ्या रोबोंना क्रमांक आहेत. लहान क्रमांकाचा थांबेल, असं आधीच ठरव.

आणि रोबोला अंग असतं. महाप्याच्या शेडमध्ये मी सगळ्यांना एकाच बिंदूवर बोलावलं आणि बंपर एकमेकांत अडकून बसले. बिंदूभोवती कडं आख, प्रत्येकाला त्यावर जागा दे.

पुढच्या चाचणीत एका रोबोला मुद्दाम दोन सेकंद उशिरा निरोप दे. मध्यक किती हलला, ते मोजून कळव.

तुझा,
काका