लहानपणापासून घरात कानावर पडलेले जातीपातीचे पूर्वग्रह मोठेपणी मनातून कसे काढावेत?

सगळ्यांचं मला सांगता येणार नाही. एकाचं सांगतो, पारध्यांबद्दलचा. माझ्यात तो चाळिशीपर्यंत ठणठणीत होता.

घरी नळाच्या कामाला प्लंबरसोबत एक पोरगा आला होता. बोलता बोलता म्हणाला, आम्ही पारधी. मी "अरे वा" म्हणालो, चहा टाकायला सांगितला आणि आत जाऊन कपाटाला किल्ली फिरवली. खटका वाजू नये म्हणून दार गुडघ्याने दाबून धरायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आजी तसंच करायची. तो बिचारा बेसिनखाली डोकं घालून पडलेला. मागे वळलो तर मुलगी उभी. "बाबा, सकाळी प्लंबरकाका एकटे होते तेव्हा उघडंच होतं की."

काय सांगणार कप्पाळ!

मग जरा वाचलं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो आपल्याकडेही लागू झाला. जमातीच्या जमाती वहीत नोंदवायच्या, हजेरी घ्यायची, आणि त्यांच्या हालचालींची खबर द्यायची जबाबदारी गावच्या पाटलावर. आमचे पणजोबा पाटील! म्हणजे आमच्याकडे ज्याला 'पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव' म्हणतात, ती सरकारी नोकरी होती. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. आमच्या ओसरीवरची हजेरी चालूच राहिली.

तेव्हा 'आम्हाला अनुभव आहे' म्हणणाऱ्याला सरळ विचारा, कुठला? कधी? काय गेलं? मी काकांना भर लग्नात विचारलं. बराच वेळ आठवून म्हणाले, "आपलं नाही, पण लोकांचं गेलंय ना." मी म्हटलं, आपलंही गेलंय. आत्याच्या वाट्याची दीड एकर, भरदिवसा, हक्कसोडपत्रावर अंगठा उठवून. त्या वेळी कपाटाला कुलूप कुणी लावलं नाही.

तेव्हापासून बोलणं बंद आहे. तुम्ही असं भर मांडवात करा असं मी म्हणत नाही, आणि थकलेल्या आजीआजोबांना तर सोडूनच द्या. पूर्ण जातो का म्हणाल, तर नाही. हात अजून किल्लीकडे जातो, फक्त आता तो जाताना मला दिसतो. ज्यांच्या घरच्यांनी ती हजेरी दिली, ते याहून बरंच वेगळं सांगतील.

आणि काका, कुणी हे वाचून दाखवलंच तर, सात-बारावर आत्याचं नाव अजून लागलेलं नाही.