मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये नवीन आलीयेस ना, मग हे वाच

अगं, नऊवारी, नथ आणि गोड हसू एवढंच घेऊन येऊ नकोस, मीटिंगमध्ये आवाज चढवणारी तू, कोथिंबिरीसाठी हुज्जत घालणारी तू, आरशासमोर एकटीच नाचणारी तू, सगळ्याजणी लागतात इथे. श्रावणातल्या मंगळवारची ही पूजा, लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, आणि रात्री जागरणाला खेळ. आता विचार कर, ज्या काळात सुनेने तोंड उघडायची सोय नव्हती त्या काळात सासू-सुनेचं भांडण, सवतींचं भांडण चक्क गाण्यातून, तेही सासूच्या देखत! काय डोकं असेल त्या बायकांचं. म्हणून खेळात तुझ्या वाट्याला सासूची भूमिका आली तर पदर खोच, कंबरेवर हात ठेव, हातचं राखू नकोस. खऱ्या सासूबाई समोर बसल्या असतील तर उलट मजा, बहुतेक वेळा त्याच सगळ्यात मोठ्याने हसतात (एखादी नाही हसत, चालायचंच).

बसफुगडीत उकिडवं बसून पाय टाकताना कोणीच सुंदर दिसत नाही, फोटोची काळजी सोड. फुगडीला चवडे जुळव, मागे रेल, जोडीदारणीचा हात सोडू नकोस. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ सांग, झिम्म्यात घेऊ, आमच्यात आज्यासुद्धा आहेत आणि त्यांचे उखाणे भलतेच चावट असतात. नऊवारीच्या आत शॉर्ट्स घाल आणि गजऱ्याला दोन पिना जास्तीच्या लाव.