दवाखान्याला कुलूप, मग दाद मागायची कुठं?

प्रश्न : माझी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. गेल्या महिन्यात रात्री एकच्या सुमारास कळा सुरू झाल्या. सहा किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तर दाराला कुलूप. शिपाई मागच्या खोलीतून उठून आला. म्हणाला, डॉक्टर तालुक्याला राहतात, सिस्टर रजेवर आहेत. अँब्युलन्स उभी होती, ड्रायव्हर नव्हता. 2,500 रुपयांत जीप ठरवून ग्रामीण रुग्णालय गाठलं. तिथं ‘भूल देणारे डॉक्टर नाहीत, शिवाय हिचं कार्ड सासरच्या जिल्ह्यातलं आहे, मोठ्या दवाखान्यात न्या’ असं तोंडीच सांगून वाटेला लावलं. शेवटी खासगी दवाखान्यात सिझेरियन झालं, बिल 48,000 रुपये. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. सरपंच म्हणतात डॉक्टरवर पोलीस केस करा. मेहुणे म्हणतात ग्राहक न्यायालयात जा. आई म्हणते, देवानं सोडवलं, आता विषय सोडा. काय करू?

उत्तर : तिघांपैकी कुणाचंच ऐकू नका. आईंची माफी मागून लिहितेय.

पोलीस केसचं आधी बघू. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा टिकवायचा तर तो निष्काळजीपणा घोर असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्येच स्पष्ट केलंय. आणि केस करणार कुणावर? केंद्रात नसलेले डॉक्टर मंजूर रजेवर असतील किंवा ते पदच रिकामं असेल. हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. कागद हाती नसताना एका माणसाचं नाव घेतलंत, तर सगळं प्रकरण त्याच्या रजेच्या अर्जावर येऊन संपेल.

ग्राहक न्यायालयाचा रस्ता वेगळ्या कारणानं अडतो. जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ते सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, असा 1995 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. रुग्णांच्या फायद्याचाच हा निर्णय, पण त्याच निर्णयानं ग्राहक न्यायालयाचं दार जवळजवळ बंद झालं. खासगी दवाखाना त्या कायद्यात येतो, पण त्यांनी तर तुमच्या बहिणीला वाचवलं. त्यांना यात ओढू नका.

तुमची बाजू उभी राहते ती राज्यघटनेच्या कलम 21 वर, म्हणजे जगण्याच्या हक्कावर. 1992 च्या जुलैमध्ये पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग एकामागून एक सरकारी रुग्णालयं. कुठं सोय नाही, कुठं खाट नाही. अखेर खासगी दवाखान्यात सुमारे 17,000 रुपये गेले. तुमची रात्र आणि त्याची रात्र फारशी वेगळी नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला 25,000 रुपये भरपाई द्यायला लावली. तातडीच्या वेळी सरकारी दवाखान्यानं उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सबब चालणार नाही, असं न्यायालयानं बजावलं.

आता कार्डाचं. 1 जून 2011 पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. त्यात सरकारी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या मोफत आहेत. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी सोडण्याचं वाहनही मोफत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि दवाखान्यातली माणसं सासरचं कार्ड बघून बाईला परत लावतात! या कारणाला कायद्यात काडीचा आधार नाही. तक्रारीत हे त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहा.

तुमची खरी अडचण पुराव्याची आहे. ग्रामीण रुग्णालयानं रेफर चिठ्ठी, म्हणजे दुसरीकडे पाठवल्याचा कागद, दिली नाही, केंद्रात तर नाव लिहायलाही कुणी नव्हतं. उद्या दोन्हीकडून उत्तर येईल की असा रुग्ण आलाच नव्हता. म्हणून खासगी दवाखान्यात जा आणि संपूर्ण केसपेपरची प्रत लेखी मागा. मागितल्यापासून 72 तासांत ती द्यावी, असा डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेत नियम आहे. पहिलं पान नीट वाचा. दाखल करून घेताना डॉक्टर बहुधा ‘कळा कधीपासून, आधी कुठं दाखवलं’ हे टिपून घेतात. माझ्या एका अशिलाच्या केसपेपरवर डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात एवढंच होतं : अमुक रुग्णालयातून पाठवलं, चिठ्ठी नाही, पहाटे 3.40. त्या ओळीमुळे समोरच्यांना ‘आलेच नव्हते’ म्हणता आलं नाही. सोबत जीपवाल्याचा सहीचा जबाब घ्या. त्या रात्री 102 किंवा 108 ला फोन लावला असेल, तर मोबाईलमधली वेळ दिसेल असा फोटो आजच काढून ठेवा.

तक्रारी दोन करा, कारण साहेब दोन आहेत. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्याची तक्रार जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली, त्यांच्याकडे दुसरी. एकच अर्ज दिलात तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील. दोन्हींत जीपचे 2,500 आणि दवाखान्याचे 48,000 परत मागा, पावत्या जोडा.

त्याच दिवशी माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. त्या तारखेचं हजेरीपत्रक, ड्युटीची यादी, अँब्युलन्सचं लॉगबुक, मंजूर आणि रिकामी पदं, एवढंच मागा. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून दोन्ही दवाखान्यांचे अर्ज वेगळे करा. कुणीतरी 48 तासांत माहिती मागायचं कलम टाकायला सांगेल. ते जिवाला धोका असतानाचं आहे, तुम्हाला 30 दिवस थांबावं लागेल.

उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे जा. तिथं फी नाही, वकील लागत नाही, पण घटनेपासून वर्षाच्या आत जायला हवं. उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्कभंगाबद्दल सरकारविरुद्ध याचिका, करता येते, आणि भरपाईचा भरवशाचा रस्ता तोच, पण वेळखाऊ आहे. खर्चाची धास्ती घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच त्यांची समिती असते. फक्त अर्ज तुमच्या नावानं नको, बहिणीच्या नावानं करा. ओली बाळंतीण आहे, तिला फेऱ्या मारायला लावू नका. सह्या घरी घ्या, टपाल तुम्ही करा, आणि हातोहात दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक-शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.