कॉटर निघाल्याशिवाय किंगपिन ठोकू नका

प्रश्न : आजोबांचा १९५८ चा फार्गो ट्रक लोणी काळभोरच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभा होता. मी आणि माझा भाऊ तो पुन्हा चालता करतोय. पुढच्या एक्सलची उजवी किंगपिन (जिच्याभोवती चाक वळतं ती उभी पिन) सहज निघाली, डावी जाम आहे. कॉटरचा नट खोलताना कॉटर तुटून बाहेर आला. त्यानंतर तीन दिवस आठ पौंडी घणाने ठोकतोय. पिनचं डोकं पसरलं, पण ती केसभरही हलली नाही. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, गॅसने लाल करा, निघेल. करू का?
— एक वाचक, लोणी काळभोर

उत्तर : ताई, लाल करू नका. आणि आजपासून घणही बाजूला ठेवा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : ‘कॉटर तुटून बाहेर आला.’ तो तुकडा उजव्या बाजूच्या अख्ख्या कॉटरशेजारी ठेवून बघा. हातात नुसता आट्यांचा भाग आला असेल, तर बाकीचा कॉटर अजून आतच आहे. कॉटर म्हणजे पाचर. त्याची सपाट बाजू पिनच्या खाचेत दाबून बसते आणि पिनला वरखाली होऊ देत नाही. तुमच्या तीन दिवसांच्या घावांपैकी बहुतेक त्या पाचरीनेच झेलले असणार.

नट असतो ती बाजू बारीक, पलीकडची जाड. म्हणजे कॉटर बारीक बाजूने ठोकून जाड बाजूने बाहेर काढायचा. एक्सलच्या डोळ्याच्या (टोकाला पिन बसते त्या भोकाच्या) मागच्या अंगाला, सुकलेलं ग्रीस आणि माती यांच्या थराखाली, त्या भोकाचं दुसरं तोंड आहे. ते खरवडून, तारेच्या ब्रशने चकचकीत करा. लोखंडात लोखंड असलेली एक गोल रेघ दिसेल, तोच कॉटर. दोन्हीकडून गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी बारीक बाजूने, भोकापेक्षा किंचित लहान पंच लावून, एकच जोरकस घाव घाला. दहा हलके घाव घातले तर कॉटरचं तोंड फुलतं आणि तो आणखी आवळतो. नाहीच हलला, तर मधोमध ड्रिल मारून पोकळ करा आणि मग पंच लावा.

आता पिन. पसरलेलं डोकं ग्राइंडरने आधी घासून मूळ मापाला आणा, कडेला उतार द्या. तसंच ठोकलं तर ते वरच्या बुशमध्ये, म्हणजे पिनभोवतीच्या धातूच्या नळीत, शिरून अडकेल. पिन बहुधा बुशमध्ये धरत नाही. ग्रीस भरायच्या निपलमधून गेलेलं ग्रीस बुशला मिळतं. दोन बुशांच्या मधे, एक्सलच्या डोळ्यात, पिन घट्ट बसलेली असते, तिथे ग्रीस पोचत नाही, पावसाचं पाणी मात्र मुरतं. जाम होते ती तिथेच.

म्हणून माझा सल्ला : स्प्रिंगचे यू-बोल्ट खोला, एक्सल खाली काढा आणि भोसरीत ज्यांच्याकडे मोठा हायड्रॉलिक प्रेस आहे अशा वर्कशॉपमध्ये न्या. टेम्पोचं भाडं जाईल, पण एक्सल वाचेल. प्रेसचा दाब देऊन तसाच धरून ठेवायला सांगा. मग डोळ्याच्या एका अंगाला घण टेकवून समोरून हातोड्याने टोले द्यायचे. बंदुकीसारखा आवाज होऊन पिन सुटते. समोर कुणी उभं राहू नये, गोणपाट बांधावं, ठोकणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवाच.

त्यानेही नाही सुटली, तर ऊब द्या. पण डोळ्यालाच, पिनला नाही, आणि १५० अंशांपर्यंतच. ३० मिलिमीटरचं भोक तेवढं तापल्यावर जेमतेम ०.०५ मिलिमीटरने मोठं होतं, पण गंजाची पकड सोडवायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन लगेच उडाला की बस. लोखंडावर पिवळसर झाक आली तर जास्त झालं. तेल आणि ग्रीस आधी पुसून काढा, नाहीतर पेट घेईल. गंज सोडवायला एसिटोन घालून बनवलेलं मिश्रण वापरलं असेल तर त्या दिवशी ज्योत जवळसुद्धा आणू नका.

लाल का नाही, ते मी स्वतः शिकलोय. एकोणीस वर्षांचा असताना सातारा रोडच्या एका गॅरेजमध्ये मी एका बेडफर्ड ट्रकच्या एक्सलचा डोळा लाल करून पिन काढली. पिन निघाली. नवी बसवली तर हाताने खडखडत होती. भोक लंबगोल झालं होतं. एक्सलचं पोलाद घडवून, पाणी देऊन, पुन्हा तापवून मुरवलेलं असतं. लाल केलं की ती सगळी मेहनत जाते. त्या गाडीचे मालक चार महिने बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात एक्सल शोधत फिरले. मला त्यांचा चेहरा अजून आठवतो. पिन कुठलाही चांगला टर्नर बनवून देईल. फार्गोचा एक्सल आज कोण देणार? कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीच्या त्या गाड्या आता मोजक्याच उरल्यात. म्हणून कापायची, पोकळ करायची वेळ आली तर ती पिनची. पिनची वरची कातडी कठीण असते, त्यामुळे तोंड घासूनच ड्रिल लावा.

आणखी एक, ताई. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

नवे बुश दाबल्यावर ग्रीसची भोकं जुळली आहेत का बघा, आणि वरखालचे दोन्ही बुश एकाच लांब रीमरने (भोक मापाला आणणाऱ्या हत्याराने) एका रेषेत करून घ्या. बुशमध्ये पिन अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे. पिन आत घालण्यापूर्वी एक्सलच्या डोळ्याला आतून ग्रीसचा पातळ हात द्या. पुढे ग्रीस भरताना दर वेळी चाक जॅकवर उचलून भरा. वजन असताना खालच्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये (गाडीचा भार पेलणाऱ्या बेअरिंगमध्ये) ते नीट शिरत नाही.